तांब्याचं पॅकिंग

“अजून किती मोठा जेट घालू, उस्ताद?”

सन्मती मगदूमचा हा प्रश्न त्या दिवसातला चौथा होता. मी शेजारच्या गाळ्यात लेथ चालवतो आणि आमच्या मधली भिंत म्हणजे नुसता छातीएवढा पत्रा आहे. त्यामुळे मुद्दाम मोजावं लागत नाही. जेट म्हणजे कार्बोरेटरातली बारीक तोटी; तिचं भोक मोठं, तेवढं इंजिनला पेट्रोल जास्त.

दस्तगीर मिस्त्री खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

“आता कितीचा हाय?”

“मूळचा एकशे दहाचा. एकशे पंधराचा घातला, मग वीसचा. आता पंचवीसचा हाय.”

“आणि?”

सन्मतीनं मोटारसायकल चालू केली. मूठ पिळून रेस वाढवली आणि एकदम सोडून दिली. रेस उतरता उतरता नव्या सायलेन्सरमधून आवाज आला. फट्... फट फट... फाट्!

पलीकडच्या चहाच्या टपरीवर एकाचा कप हिंदकळला.

“भूकच भागंना तिची,” सन्मती म्हणाला.

मिस्त्री परत पेपरात गेले.

मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीमागं मिस्त्रींचं गॅरेज आहे. वय बहात्तर. गाडी कुणाचीही असो, हात लावायच्या आधी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारणार, मग बसणार, मग पाना मागणार. मी पंचवीस वर्षं बघतोय, या क्रमात कधी बदल नाही. मला लोकांचं कौतुक पटकन करता येत नाही, घरचे त्यावरून टोमणे मारतात. पण या माणसापुढं मी मान खाली घालतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

सन्मती त्यांच्याकडे सहा वर्षं शिकला. सव्वीस वर्षांचा तरणा गडी, आणि कान असा की विचारू नका. एकदा रस्त्यावरून गाडी गेली तर हा मान वर न करता म्हणाला, “त्याची चेन उतरणार.” दहा मिनिटांनी तो बिचारा गाडी ढकलत परत आला. तेव्हापासून सन्मती सगळ्यांना सांगायचा, “सतारवाल्यांनी तारा ऐकाव्या, इंजिन आपण ऐकतो.” बोलणं फुशारकीचं होतं, पण खोटं नव्हतं. पंचाईत तीच होती.

मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात एक छोटा पेचकस असतो. कार्बोरेटरचा बारीक स्क्रू फिरवायचा. शिकून बाहेर पडणाऱ्याला ते तो पेचकस देतात आणि स्वतःला दुसऱ्या दिवशी नवा आणतात. आजवर चौघांना दिला. आमच्या बाजारात नव्या मेकॅनिकला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही. विचारतात ते एवढंच, उस्तादांचा पेचकस मिळाला का?

सन्मतीचं दुकान गुरुवारी उघडायचं होतं. जयसिंगपूरला गाळा घेतला होता, बोर्डसुद्धा रंगवून झाला होता. पेचकस तेवढा मिळायचा होता.

रविवारी मिस्त्री त्याला म्हणाले होते, “डॉक्टरीणबाईंची गाडी तू एकट्यानं कर. मी हात लावणार न्हाई.”

याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. सन्मतीला तर सगळ्यात आधी.

गाडी होती डॉ. गौतमी कुरणे यांची. जनावरांच्या डॉक्टर, गावोगाव मोटारसायकलवरून फिरणाऱ्या. जुना सायलेन्सर आतून सडला म्हणून त्यांनी पुण्याहून दुसराच मागवला होता. हलका, मोकळा, आवाजाला भरीव. आता असा मोकळा सायलेन्सर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं, आणि हवा वाढली की पेट्रोलही त्या मानानं वाढवावं लागतं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन तापतं आणि लांबच्या रस्त्यावर पिस्टन धरतो, म्हणजे जागीच अडकून बसतो. बाई बुधवारी पहाटे कच्छला निघणार होत्या, एकट्या.

आज मंगळवार. दुपारचे दोन वाजले होते आणि बाई पाच वाजता गाडी न्यायला येणार होत्या.

“उस्ताद, तीसचा घालून बघू?”

“प्लग काढ.”

सन्मतीनं प्लग काढला. काजळीनं काळाभोर झाला होता, पेट्रोलचा वास माझ्या गाळ्यापर्यंत आला.

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं.

“उपाशी माणसाच्या तोंडाला एवढं लागलेलं असतंय व्हय?”

सन्मतीनं प्लग उलटासुलटा करून बघितला.

“...मग फुटतंय कशानं?” तो म्हणाला. “पेट्रोल कमी असंल तरच रेस उतरताना असं फुटतंय. तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलंय.”

“मग सायलेन्सरच बोगस हाय. पुण्याच्यानं बाईंच्या गळ्यात मारलाय.”

“बरं.”

“बाईंना तसं सांगू?”

“सांग की.”

एवढं बोलून मिस्त्री पुन्हा पेपर वाचायला लागले. सन्मती पाना घेऊन तसाच उभा राहिला. नाही म्हटलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. होकारापुढं काय करणार?

मी लेथ बंद केली. काम होतं, पण मन लागेना.

बराच वेळ गेला. सन्मतीनं प्लग पुसला, परत बसवला, गाडी पुन्हा चालू केली. फट्... फाट्! आवाज सकाळपेक्षा वाढला होता. तो खाली बसला. मला पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर भीती दिसली. गुरुवार निसटत चालला होता.

“उस्ताद...” तो म्हणाला. या वेळी त्यानं जेट विचारला नाही. “मला समजंना झालंय.”

मिस्त्रींनी पेपरची घडी घातली.

उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग फळीवरचा उदबत्तीचा पुडा घेतला, एक उदबत्ती ओढली, पेटवली आणि फुंकर मारून ज्योत विझवली.

सन्मतीनं डोळे मिटून हात जोडले. खरं सांगतो, माझेही हात वर आले होते. वाटलं, म्हातारबुवा आता गाडी ओवाळतात.

“हात जोडू नगंस,” मिस्त्री म्हणाले. “बघ.”

ते गाडीपुढं उकिडवे बसले. इंजिनातून सायलेन्सरचा पाइप जिथं बाहेर निघतो, त्या सांध्यापाशी त्यांनी उदबत्ती धरली. धूर सरळ वर चालला होता.

“रेस कर. ...सोड.”

सन्मतीनं मूठ सोडली.

वर जाणारा धूर वाकला. सांध्याकडे वळला आणि कुणी आत ओढून घ्यावा तसा पाइपाच्या कडेनं आत गेला. त्याच क्षणाला मागून आवाज आला. फाट्!

“पुन्हा.”

धूर आत. फाट्!

“पुन्हा.”

“नको,” सन्मती म्हणाला. त्यानं गाडी बंद केली.

सांधा श्वास घेत होता. बाहेरची हवा तिथून पाइपात शिरत होती आणि आत उरलेलं पेट्रोल त्या हवेनं भडकत होतं. सन्मती दोन दिवस जेट वाढवत होता म्हणजे त्या भडक्याला पेट्रोल पुरवत होता.

पाइप निवायची वाट न बघता त्यानं फडक्यानं धरूनच नट सोडले. सांध्यातून तांब्याची एक कडी निघाली. त्याला पॅकिंग म्हणतात, दोन लोखंडांच्या मध्ये दबून फट बुजवणारं. एका बाजूनं तिच्यावरून काजळीची काळी रेघ गेली होती.

सन्मती ती कडी तळहातावर घेऊन बसून राहिला.

“हे जुनंच हाय,” तो म्हणाला. “जुन्या सायलेन्सरचंच. दिसायला चांगलं हुतं.”

“डब्यात नवी हायत?”

“हायत.”

“डबा किती लांब हाय?”

सन्मतीनं वर बघितलं. डबा त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होता. बसल्या जागी हात वर केला असता तरी पुरला असता.

“बोर्डवाल्याकडं जायचं हुतं,” तो हळूच म्हणाला. “नाव कसं काढलंय बघायला. घाई झाली.”

मिस्त्रींनी उदबत्ती फळीवरच्या घरात खोचली. तिला अजून अर्धं आयुष्य होतं, ते वाया घालवणाऱ्यातले ते नव्हेत.

“उस्ताद, तुम्हाला कवापासनं ठावं हुतं?”

“काल सकाळी पहिल्यांदा फुटलं तवापासनं.”

“मग बोलला न्हाईसा?”

“तू मला जेट किती ते इचारत हुतास.”

सन्मतीनं मान खाली घातली. मला वाटलं आता हा रडणार. पण त्यानं फळीवरचा डबा काढला, नवं पॅकिंग घेतलं आणि कामाला लागला.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यानं घातलेले सगळे जेट काढले आणि मूळच्या एकशे दहापासून पुन्हा सुरुवात केली. सांध्याचे दोन्ही नट एकदम न आवळता इकडे थोडा, तिकडे थोडा, असे आवळले. एक जेट बदलायचा, गाडी लांब रस्त्याला पळवून आणायची, प्लग काढायचा, उजेडात धरायचा. पांढुरका दिसला की पेट्रोल कमी, काळा दिसला की जास्त. एकदाही त्यानं उस्तादांकडे पाहिलं नाही आणि एकदाही ‘आपण इंजिन ऐकतो’ म्हणाला नाही. शेवटी एकशे पंधराचा जेट राहिला, कार्बोरेटरातली सुई एक खाच वर आली आणि प्लगला चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला.

मग त्यानं रेस वाढवून मूठ सोडली.

इंजिन जिना उतरल्यासारखं पायरी पायरीनं खाली आलं आणि शांत फिरत राहिलं. सायलेन्सर भरल्या गळ्यानं घुमत होता, फट् नाही की फाट् नाही. मी नुसता ऐकत राहिलो. इतकं सुरेख इंजिन मी त्या गॅरेजात मिस्त्रींच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकलं नव्हतं.

मिस्त्री पेपरातच होते. पण पान उलटायचं थांबलं होतं.

पाचाला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गाडीवर एक चक्कर मारली आणि हसतच उतरल्या.

“काय गोड चालतेय हो! पण मग दोन दिवस का लागले? सायलेन्सर खराब निघाला का? तसं असेल तर सांगा, त्या पुण्याच्या माणसाला आत्ता फोन लावते.”

त्यांनी पर्समधून मोबाइल काढलासुद्धा.

सन्मतीनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री पेपरात. मी पत्र्याआडून बघत होतो. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. सायलेन्सरवाला पुण्यात, पॅकिंग भंगारात, गुरुवारी दुकान चालू. पण खरं सांगितलं असतं तर? मिरज-जयसिंगपूर अंतर ते किती, बाईंचं एक वाक्य त्याच्या आधी तिथं पोचलं असतं.

“न्हाई मॅडम,” सन्मती म्हणाला.

त्यानं खिशातून ती तांब्याची कडी काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

“सायलेन्सर चांगला हाय. चूक माझी. नवं पॅकिंग घालायचं ते मी जुनंच घातलं आणि दोन दिवस भलतीकडंच शोधत बसलो. त्यांना फोन करू नका.”

बाईंनी मोबाइल खाली घेतला.

“आणि ते सुद्धा उस्तादांनी दाखवलं,” तो म्हणाला. “मला सापडलं नव्हतं.”

फळीवरच्या उदबत्तीची नुसती काडी उरली होती.

“मी उद्या एकटी निघणार आहे,” बाई सावकाश म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. “गाडी पूर्ण बरोबर आहे ना?”

“आता हाय. सहा वेळा फिरवून बघितलीय. जाताना ही दोन नवी पॅकिंगं संगं ठेवा.” त्यानं डब्यातली दोन काढून कागदात बांधून दिली. मग मिस्त्रींकडे वळून म्हणाला, “उस्ताद, गुरुवारचं मी रद्द करतो. बोर्ड झाकून ठेवतो. अजून वर्षभर इथंच राहतो.”

बाईंना अवघडल्यासारखं झालं. विषय बदलावा म्हणून त्या म्हणाल्या, “उस्ताद, परत आल्यावर गाडी दाखवायला लागेल. तुमच्याकडेच आणते.”

मिस्त्री उठले. पेपर खुर्चीवर ठेवला. खिशातला पेचकस काढला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि सन्मतीच्या खिशात सरकवून दिला.

सन्मती दगडासारखा उभा. “उस्ताद... आज?”

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते बाईंशी बोलत होते.

“ह्याच्याकडं न्या, बाई. ह्याची चूक अजून ताजी हाय. माझ्या हातनं चूक होऊन लई वर्सं झाली.”