अंबाडीचा मुका दोरा

थप्, थप्. ओल्या अंबाडीच्या पेंढ्या दगडावर आपटल्याचा हा आवाज मी लहानपणी ऐकला. तो थांबला की दोर वळणारी माणसं गोष्टी सांगायची. त्यातली ही एक, फार जुन्या काळची.

एका गावात दोर वळणारी एक बाई राहायची. विहिरीला, बैलाला, पाळण्याला तिचाच दोर. पण गावाला खरं अगत्य होतं ते तिच्या मुक्या दोऱ्याचं. अंबाडीचा पांढरा वाख, म्हणजे सालीचा सोललेला तंतू, उलट्या पिळानं वळायचा आणि बारशाला बाळाच्या पाळण्याला बांधायचा. वळायला बसल्यापासून गाठ मारेपर्यंत शब्द काढायचा नाही. शब्द निघाला तर त्या घरावर अरिष्ट येतं, असं गाव मानत होतं. तीही मानत होती.

एका घरी बारसं होतं. मुठीत दोरा, खांद्यावर नव्या दोराचं वेटोळं घेऊन ती निघाली. वाटेत त्या घराची विहीर लागली. पाहुण्यांसाठी पाणी स्वच्छ हवं, म्हणून बाळाचा बाप गाळ काढायला उतरत होता. कमरेला दोर होता. पावसाळाभर तो ओलाच ढीग करून टाकलेला. वरून पिवळाधमक दिसत होता, पण कुजका वास तिला दुरूनच आला.

तिनं मूठ आवळली. मग बोललीच.

"लेका, उतरू नकोस! दोर आतून कुजलाय."

बाळाच्या आजीनं कपाळावर हात मारला. "बोललीस गं! आजच्या दिवशी बोललीस!"

"आक्का, आधी दोर बघा."

"दोर तुझाच ना? आता नवा खपवायचा असेल!"

माणसं हसली. बापही हसला. "मावशी, या दोरानं मी रेडा ओढलाय," म्हणाला आणि उतरला.

दोर मध्येच तुटला. बाप पुन्हा जिवंत वर आला नाही.

बाईनं तुटकं टोक पुढं केलं. "बघा, आतून काळा आहे." कुणी बघितलं नाही.

"तुझ्या बोलण्यानं तुटला," आजी म्हणाली. सगळ्या गावानं मान डोलावली.

सुतक फिटल्यावर आजीनं निरोप धाडला. "दुसरा दोरा वळ. लेक खाल्लास, नातू तरी राहू दे. आणि तोंड शिवून ये."

ती आली, मुठीत दुसरा दोरा आणि खांद्यावर तेच नव्या दोराचं वेटोळं घेऊन. पाळण्यात बाळ होतं. तिनं वर आढ्याकडे पाहिलं. पाळणा त्याच कुजक्या दोराच्या उरलेल्या तुकड्यावर टांगला होता. बोट लावलं, तर काळा भुगा निघाला. तिनं आजीकडे पाहिलं. आजीनं ओठांवर बोट ठेवलं.

बाईनं बाळ उचलून आईच्या मांडीवर दिलं. जुना दोर सोडला, खांद्यावरचा नवा बांधला. स्वतः लोंबकळून पाहिला. मग बाळाला निजवलं आणि मुका दोरा पाळण्याला गाठ मारून बांधला.

"फुकट दोर? पापाची भीती वाटली वाटतं," आजी म्हणाली. मग शेजारणीकडे वळली. "पण गप्प राहिली हं. आता दोरा लागू पडेल."

बाळ झोपलं होतं. बाईनं काळी बोटं पदराला पुसली. विहिरीवरून, भिजत घातलेल्या आपल्या पेंढ्यांवरून ती चालत गेली, थेट गावाबाहेर. त्या गावात अंबाडी आपटल्याचा आवाज पुन्हा झाला नाही.

सावध करणाऱ्यालाच जे गाव अपशकुनी ठरवतं, त्याला सावध करायला शेवटी कुणी उरत नाही.