सुकलाल निघाला

"पण बाबा, सुकलालला जायचंय तरी कशासाठी?"

बाबा ओसरीवर आडवे झाले होते. डोळे मिटलेले.

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. म्हणतो, काही नाही, जातो."

"मग जातोय."

विद्याधर तिथेच बसून राहिला.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याच्या पुढे हा बाबांचा आश्रम. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक चालून चालून थकले की इथे मुक्कामाला येत. त्यांना जेवू घालायचं, अंथरूण द्यायचं, सकाळी वाटेला लावायचं. इथलं काम एवढंच. पण ते कधी संपत नसे.

विद्याधर पूर्वी पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होता. भरती, प्रशिक्षण, बढत्या, तक्रारी, सगळं त्याच्या हातून जाई. ते सोडून तो बाबांकडे राहायला आला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "आता इथली माणसं तू बघ. मी थकलो."

आणि त्याने बघितली. आधी जो तो हाताला लागेल ते काम करी. कुणी मरेस्तोवर राबे, कुणी सावली धरून बसे. विद्याधरने ज्याला जे जमतं ते त्याला दिलं. पाळ्या लावल्या. आठवड्याची सुट्टी दिली. नव्या सेवेकऱ्याला जुन्याच्या हाताखाली शिकायला ठेवलं. भांडणं कमी झाली. जेवण वेळेवर होऊ लागलं.

सुकलाल इथला सगळ्यात जुना. त्याच्यासारखी भाकरी कुणाला जमत नसे. म्हणून विद्याधरने त्याला फक्त चुलीपाशी ठेवलं. पंगतीत वाढणं, आल्यागेल्याची विचारपूस, दमलेल्यांचे पाय दाबणं, ही कामं इतरांना वाटून दिली.

"मी त्याचा भार हलका केला, बाबा. त्याला पंख्याची खोली दिली. महिन्या-महिन्याला समोर बसवून विचारत होतो, काही अडचण आहे का? आणि तरीही तो जातो. कारखान्यात असा माणूस सोडून गेला असता, तर मला वरून जाब विचारला असता."

"इथे कोण विचारणार?"

"...मीच विचारतोय."

बाबांनी डोळे उघडले. गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठले.

तेवढ्यात सुकलाल पिशवी घेऊन आला. बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"चल. फाट्यापर्यंत येतो."

"ऊन आहे, बाबा."

"आहे."

विद्याधरने पिशवी बाबांकडून आपल्याकडे घेतली. तिघे निघाले.

फाट्यावर पत्र्याची शेड होती. बस यायची होती. सुकलाल बाकावर टेकला, तसे बाबा त्याच्यासमोर खाली बसले. त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि दाबू लागले.

सुकलाल दचकला. "नका, बाबा! पाप लागेल मला."

"बस गप. सुजलेत किती."

"चुलीपाशी उभं राहून होतं तसं..."

बाबा दाबत राहिले. सुकलालने मान फिरवली. मग रस्त्याकडे बघतच बोलला.

"कोण जेवलं, ते कळत नव्हतं, बाबा."

विद्याधर पुढे झाला. "म्हणजे?"

"भाकऱ्या जायच्या बाहेर. टोपली रिकामी यायची. आत मी एकटा. आधी बघायचो ना... कुणी म्हातारी यायची, आधी रडायची, मग जेवायची. कुणी भाकरी कुस्करता कुस्करता तिथेच झोपायचं. आता नुसत्या टोपल्या."

"अरे, मग सांगायचंस! मी दर महिन्याला विचारत होतो."

"तुम्ही विचारायचे, अडचण आहे का." सुकलाल जरासा हसला. "अडचण काहीच नव्हती, साहेब. पंखासुद्धा होता."

"चल परत," विद्याधर म्हणाला. "आजपासून तू पंगतीत वाढ. चूल दुसरं कुणीतरी बघेल. तू म्हणशील तसं करू."

सुकलालने डोकं हलवलं.

"तुमच्यावर राग नाही, साहेब. आता दमलो. बहीण आहे तळोद्याला. तिच्याकडे जाऊन पडतो."

बस आली. सुकलालने पाय सोडवून घेतला, चपला घातल्या. पिशवी घेताना विद्याधरच्या हाताला क्षणभर हात लावला. चढला. बस गेली.

बाबा तिथेच मातीत बसलेले. विद्याधरने हात दिला, तेव्हा उठून बाकावर बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

बाबांनी हाताची माती झटकली.

"तू आलास आणि सगळं सुरळीत झालं. मला दुपारी पाठ टेकता येऊ लागली... म्हटलं, चाललंय तर चालू दे."

विद्याधर शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. मग सवयीने त्याचं डोकं चालू लागलं.

"संध्याकाळी लोक येतील, बाबा. शहाद्याचा एक आचारी मागे भेटून गेला होता. भला माणूस आहे. त्याला आत्ताच फोन करतो. सुकलालची जागा भरायला हवी..."

त्याने खिशातून फोन काढला.

बाबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. रस्ता रिकामा होता. धूळ अजून खाली बसायची होती.

"भरशील रे. आधी ती रिकामी तर होऊ दे."