हौसाईची निरगाठ

फार वर्षांपूर्वी आंबेखोऱ्याला राजा होता. राज्य केवढं म्हणाल, तर राजवाड्यातलं कुत्रं भुंकलं की शेवटच्या गावाला ऐकू जायचं. पण राण्यांच्या दागिन्यांचा थाट असा, की भल्याभल्या दरबारांनी तोंडात बोटं घालावीत. हे दागिने रेशमात गुंफायचं काम हौसाई पटवेकरणीचं. सोनं घडवतो सोनार, पण ते रेशमात ओवून, मागं गोंडा बांधून गळ्यावर नीट बसवते ती पटवेकरीण. हौसाई पायाच्या अंगठ्यात रेशीम अडकवायची, डोळे मिटायची आणि ओवत सुटायची. तिच्या बोटांना डोळे होते, असं म्हणतात.

राणीला सजवायची तिथली रीत खालून वर जाणारी. आधी पायात सोन्याचे तोडे, कारण पायात सोनं घालायचा मान साऱ्या मुलखात एकट्या राणीचा. मग कमरपट्टा, हातात पाटल्या, दंडाला वाकी, नाकात नथ, केसांत राखडी. गळा सगळ्यात शेवटी, आणि तो हौसाईच्या हाती. गळ्यात सात दागिने असत, आणि ते मात्र वरून खाली चढत. अगदी कंठाला चिकटून चिंचपेटी, तिच्याखाली ठुशी, मग तन्मणी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ आणि पार बेंबीपर्यंत रुळणारा चंद्रहार.

आता एक गोष्ट नीट ऐका. तुमच्याआमच्या बायकांच्या माळेला मागं सुरगाठ असते. गोंडा ओढला की सैल होते, माळ हातात येते. राणीच्या दागिन्याला मात्र निरगाठ, म्हणजे न सुटणारी. कधी काळी कुठल्या एका राणीची माळ भर दसऱ्याच्या दरबारात सुटली, मोती घरंगळत गेले, आणि त्याच महिन्यात राजा लढाईत पडला. झालं! तेव्हापासून घराण्यानं ठरवून टाकलं, की राणीच्या गळ्यातली गाठ सुटता कामा नये. सण उरकला की हौसाईनं कात्रीनं रेशीम कापायचं आणि पुढच्या सणाला नव्यानं ओवायचं. दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावायचा नाही. मोतीही कुणाचे आणि राजाही कुणाचा, पण भार आला तो पुढच्या पोरींच्या गळ्यात.

अशीच एक पोर सून होऊन आली. मैनाराजे तिचं नाव, वय सतरा. हौसाईला मूलबाळ नव्हतं. सुनेला दागिने चढवता चढवता तिचा जीव तिच्यावर जडला. पोरीची मान बारीक होती. सातही दागिने चढले की ती मान आखडून बसायची आणि हळूच म्हणायची, "हौसाई, जरा सैल बांध गं. कुणाला कळतंय?"

"आईसाहेबांना कळंल, राणीसरकार," हौसाई म्हणायची. "थोडा दम धरा. सांज झाली की कापतेच."

आईसाहेब म्हणजे मैनाराजेंच्या सासूबाई. त्या दागिने चढल्यावर स्वतः उठून यायच्या, एकेक गाठ ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "हौसे, गाठ बांधावी तर तुझ्यासारखी." खोटं कशाला बोलायचं? हौसाईला ते ऐकायला आवडायचं. ती आईसाहेबांच्या धाकानं घट्ट बांधायची हे खरं, पण त्या कौतुकासाठीही बांधायची, आणि पुढं जन्मभर तिला सलत राहिलं ते हेच.

नदीपलीकडे देवीचं देऊळ होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पौष पुनवेला नव्या राणीनं अंगावर सगळे दागिने घालून देवीची ओटी भरायची, असा रिवाज होता. त्या दिवशी सकाळपासून हौसाई बांधत होती. चिंचपेटीची गाठ बांधताना मैनाराजे म्हणाली, "आज तरी सैल बांध गं. नावेत बसायचंय. मला पाण्याची भीती वाटते."

हौसाईची बोटं क्षणभर थांबली. दारात आईसाहेब उभ्या होत्या. हौसाईनं रेशीम ओढलं आणि निरगाठ मारली.

नावेत फक्त घरची माणसं आणि दोन कोळी. हौसाई अलीकडच्या घाटावर थांबली. कात्री तिच्या कमरेला खोचलेली होती. पलीकडे राणीला बघायला सगळा मुलूख लोटला होता. नाव नदीतल्या खोल डोहाच्या मधोमध आली तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, "उभ्या राहा सूनबाई. लोकांना दागिने दिसू देत."

ती उभी राहिली. लोक ओरडले, ती दचकली, वरच्या अंगाला सगळा भार, तोल गेला. नाव कलंडली. बाकीच्यांना कोळ्यांनी काढलं. आईसाहेबसुद्धा वाचल्या. मैनाराजे मात्र सरळ खाली गेली, जणू कुणी हाताला धरून पायऱ्या उतरवत होतं.

त्या दोघांतला धोंडू कोळी तळापर्यंत पोचला होता. वर आला तेव्हा त्याच्या नखांतून रक्त येत होतं. तो हौसाईसमोर बसला आणि रडत म्हणाला, "हाताला लागल्या व्हत्या गं राणीसाहेब. वर वढत व्हतो, वजन उचलंना. म्हटलं दागिनं काढावं. गाठ सुटंना, हौसाई. एक बी सुटंना."

हौसाईनं कमरेची कात्री काढली, तिच्याकडे बघितलं आणि डोहात फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातून दवंडी आली, डोहातून दागिने काढणाऱ्याला इनाम मिळेल. दागिने काढणाऱ्याला! राणीचं नाव त्या दवंडीत नव्हतं. सांगताना अजून माझं डोकं फिरतं. माणसं महिनाभर बुड्या मारत होती. ना दागिना मिळाला, ना देह.

हौसाई घाटावरून हललीच नाही. तिनं रेशमाचा लांबच लांब दोरा वळला, एक टोक अंगठ्यात अडकवलं आणि दुसरं डोहात सोडलं. ऊन, पाऊस, थंडी सगळं तिच्या अंगावरून गेलं. पुढच्या पौष पुनवेला दोरा ताठ झाला. तिनं ओढला, तर वर चंद्रहार! सोनं नवं, रेशीम नवं, आणि गाठ जशीच्या तशी, असं म्हणतात.

राजवाड्याची माणसं धावत आली. हौसाई म्हणाली, "गाठ सुटली की न्या." कुणी कात्री पुढं केली, ती तिनं घेतली नाही. बोटांनी, नखांनी, शेवटी दातांनी ती त्या गाठीशी झटत राहिली. तिचीच गाठ, आणि तिलाच ती सोडवायला वर्ष लागलं. पौष पुनवेच्या सकाळी गाठ सुटली, चंद्रहार राजवाड्यात गेला, आणि त्याच दुपारी दोऱ्याला मोहनमाळ लागली.

असं वर्षामागून वर्ष चाललं. पुतळ्यांची माळ आली, बोरमाळ आली, तन्मणी आला, ठुशी आली. जे शेवटी चढलं ते आधी वर येत होतं. हौसाईची नखं गेली, दात गेले, दृष्टी गेली. लोक म्हणायचे, हौसाई, बास झालं आता, देवीनं तुला माफ केलं. ती म्हणायची, "देवीचा काय संबंध? जिनं सैल बांध म्हटलं तिनं कुठं केलंय?"

मग सातवी पुनव आली. राहिली होती ती एकटी चिंचपेटी, कंठाला चिकटलेली. दोरा ताठ झाला. हौसाईनं ओढला. काहीच हललं नाही. दिवसभर ती ओढत राहिली, तळवे कापले, दोरा लाल झाला. ऊन कलताना तिच्या ध्यानात आलं, की हा दागिना एकटा यायचा नाही. गाठ सुटल्याशिवाय तो गळा सोडणार नाही, आणि तिचा हात तिथवर पोचणार नाही. तिनं दोरा सोडून दिला. गाव म्हणतं, त्या वेळी ती जशी रडली तसं रडणं नंतर कुणी ऐकलं नाही.

तिथंच पायरीवर ती गेली. श्वास थांबला, अंग गार पडलं, पण बोटं हलत होती. उजव्या हाताची दोन आणि डाव्याची दोन, काहीतरी उकलत असल्यासारखी. चितेला अग्नी दिला तेव्हाही ती हलत होती, असं म्हणतात.

राजा गेला, राज्य गेलं, दागिने कुठं गेले कोण जाणे. आंबेखोऱ्यात आजही निरगाठीचा दागिना कुणी घालत नाही. पौष पुनवेला गावातल्या बायका हौसाईच्या घाटावर रांगेनं येतात. एकेक बाई पायरी उतरते, कोपरापर्यंत हात डोहात घालते आणि डोळे मिटून पाण्यात बोटं चालवत राहते. पाणी बर्फासारखं असतं. बोटं बधिर झाली की ती उठते. मागची विचारते, "सुटली का गं?"

"नाही बाई. तू बघ."

मग मागची उतरते. अशी सगळी रांग सरते. जी अगदी शेवटी उतरते, तिला विचारायला मागं कुणी नसतं. ती हात पुसते आणि वर येते.