थाळीच्या बुडाखालचे तीन ठिपके

भांडीही आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. होरमसशेटच्या दुकानात जपानहून जहाजाने आलेली जुनी चिनी मातीची भांडी होती. शेट एकेक भांडं उपडं करून बुडाखालची खूण पाहत. ज्याची ओळख पटेना, त्याची रवानगी झाडाच्या कुंडीखाली होई.

किटलीच्या बुडावर कारागिराचं नाव होतं, लाल अक्षरांत. ती निळ्या थाळीला म्हणाली, “तुझ्या बुडाला तर नुसते देवीचे व्रण. कुंडीखालची ओल सोसेल ना गं, बाई?”

शेटनी थाळी उपडी केली, तेव्हा ती भीतीने गारठली.

शेटनी तीन खरखरीत ठिपक्यांवरून सावकाश अंगठा फिरवला. “एवढी मोठी थाळी भट्टीत मध्येच खचेल म्हणून कारागिरानं खालून मातीच्या खुंट्यांचा टेकू दिला होता, त्यांचेच हे ठिपके. ही जपानी हाताचीच खूण,” असं म्हणत त्यांनी तिला वरच्या फळीवर, किटलीशेजारी ठेवलं.

मग किटली हळूच म्हणाली, “मलाही भट्टीत कुणी धरलं असेल का गं?”

“धरलंच असेल,” थाळी म्हणाली. “तू सरळ उभी आहेस ना.”