कावरीची खात्री

फार वर्षांपूर्वी, डोंगरातला रस्ता नवा होता तेव्हा, कुणाची तरी चार चाकांची फळी उतारावर राहून गेली. ती सापडली साळू मावशीला. मग रोज संध्याकाळी ही म्हातारी साळू काटे खडखडवत फळीवर उभी राहायची आणि सुसाट खाली जायची.

झुडपातल्या कावरी सशिणीला याचा घोर लागला. सशांची रीतच अशी, की कुणी पळताना दिसलं की आधी आपण पळायचं, कारण नंतर विचारायचं. पोरांना घेऊन ती दोनदा पळालीही होती. आता बिऱ्हाडच हलवावं की काय?

"मावशी, खरं सांगा. मागे कोण लागलंय?"

"कुणी नाही गं."

"मग खाली खायला काय आहे?"

"धूळ! काल पोटभर खाल्ली."

"या वयात? उगाचच?"

मावशी नक्की काहीतरी लपवतेय! ती मुळं उकरायला गेल्यावर कावरीने फळी हुंगली. लांडग्याचा वास येतो का ते नीट कळेना, म्हणून ती वर चढली, आणि फळी निघाली. कावरी किंचाळत वळणापर्यंत गेली आणि गवतात आपटली. धडपडत उठून तिने मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

तरी खात्री करायला ती फळी ओढत पुन्हा वर गेली.

रोज खात्री करता करता तिच्या मिशा पांढऱ्या झाल्या. एकदा नातीने घाबरून विचारलं, "आजी, मागे कोण लागलंय?"

"अजून तरी कुणी दिसलं नाही," खरचटलेला गुडघा चाटत कावरी म्हणाली. "थांब, अजून एकदा बघून येते."