मान्य कुणी म्हटलं?

एकदा एका जुन्या संस्थेत एक नियम होता, आणि तो का आहे हे कुणी विचारायचे नव्हते. संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवताना कराराची खिडकी उघडते. तिच्यातला मजकूर वाचायचा नाही. खाली ‘मान्य’ लिहिलेले असते, ते दाबायचे आणि पुढे जायचे.

संगणक विभागाच्या वृद्ध प्रमुखांनी हा नियम आपल्या नव्या शिष्येला पहिल्याच दिवशी सांगितला. ज्ञानी म्हणून साऱ्या संस्थेत त्यांचा लौकिक होता. शिष्या नुकतीच महाविद्यालयातून बाहेर पडलेली, जिभेने तिखट. तिने विचारले, “सर, पण आत लिहिलंय काय?”

“ते विचारायचं नसतं. इथे आजवर कुणी विचारलं नाही.”

“म्हणून तर विचारतेय.”

“दाब, बाळ,” ते शांतपणे म्हणाले. तिने दाबले.

संस्थेच्या इमारतीत मजल्यामजल्यावर संगणक होते. नवे काही आले की एकेकाला खुर्चीवरून उठवायचे, सॉफ्टवेअर बसवायचे, लायसन्स चालू करायचे, आणि तोवर तो माणूस दारात ताटकळत उभा. शिष्येला हे बघवेना. तिने सर्व्हरवर एक प्रोग्राम लिहिला. आता एका जागेवरून एक आज्ञा सुटे आणि नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकावर सॉफ्टवेअर आपोआप बसे. त्या खुर्चीवरच्या माणसाच्या नावाने लायसन्सही चालू होई. कराराची खिडकी कुणाला दिसतसुद्धा नसे. सर्वांच्या वतीने ‘मान्य’ तो प्रोग्रामच दाबे.

पहिल्या मजल्यावर टंकलेखन करणाऱ्या प्रमिलाताई हरखून गेल्या. पाठ दुखते म्हणून त्या खुर्चीत घरची निळी उशी ठेवत. “अगं, डबा खाऊन येते तर सगळं नवंकोरं! माझी उशीसुद्धा हलली नाही. आता पोळ्यांचं असंच काही तरी कर बाई. एक बटण दाबलं, की घरोघरी पोळ्या!”

विश्वस्तांनी शिष्येला शाल दिली. वृद्ध प्रमुखांनीही टाळ्या वाजवल्या, पण सर्वांच्या मागून आणि सावकाश.

पुढे विश्वस्तांनी आणखी एक सॉफ्टवेअर घेतले. तेही नेहमीच्याच वाटेने, जेवणाच्या सुट्टीत, सगळीकडे बसले. त्या सुमारास प्रमिलाताईंच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला होता. त्या पानभर मजकूर टंकत, हात मांडीवर घेऊन थोड्या बसत, मग पुढचे पान घेत. कामात चूक नसे. हाताचे कुणाला कळलेले नाही, याचे त्यांना समाधान होते.

एके दिवशी त्यांना वरच्या मजल्यावर बोलावणे आले. नव्या सॉफ्टवेअरला डोळा होता. बोटे कधी थांबतात आणि किती वेळ थांबतात, ते तो पाहत असे. बोटे फार थांबली तर नोकरी जाईल, असे करारात स्वच्छ लिहिले होते आणि त्याखाली प्रमिलाताईंच्या नावाने ‘मान्य’ होते.

प्रमिलाताई शिष्येला जिन्यात भेटल्या. निळी उशी काखेत होती.

“मी मान्य केलं म्हणतात,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते. “पण अगं, मी तर तेव्हा डबा खात होते ना?”

ताई कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या.

शिष्या धावत वृद्ध प्रमुखांकडे गेली. त्यांनी तिला पहिल्या मजल्यावर नेऊन प्रमिलाताईंच्या रिकाम्या खुर्चीत बसवले आणि स्वतः सर्व्हरपाशी गेले. तिच्यासमोरचा पडदा क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा स्थिर झाला. थोड्या वेळाने ते आले.

“काय मान्य केलंस?”

“मी? मी तर बोटही लावलं नाही!”

“पण या खुर्चीत कोण होतं?”

चटका बसावा तशी ती उठली.

वृद्ध म्हणाले, “यंत्राचं आपल्या होकारावाचून अडत नाही, बाळ. होकार लागतो तो नंतर बोट दाखवायला. ती खिडकी थांबायची, तेवढा क्षण माणसाचा होता. तो वाचू शकला असता, नको म्हणू शकला असता. वाचू नका असं शिकवून आम्ही तो क्षण आंधळा केला. तू तो क्षणच काढून टाकलास. तुझ्या हुशारीचा दोष एवढाच, की ती आमच्या नियमाची आज्ञाधारक लेक निघाली.”

शिष्येचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. “हे तुम्हाला आधीपासून कळत होतं?”

“कळत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “वयानं शहाणपण दिलं. धीर दिला नाही.”

“मग ते शहाणपण कुणाच्या कामाचं, सर?”

शिष्येने त्याच दिवशी प्रोग्राममधली ‘मान्य’ची ओळ पुसली.

पुढच्या बैठकीत विश्वस्तांनी तिला बोलावले. “गावोगावच्या शाखांतही हे नवं सॉफ्टवेअर पाठव.”

“पाठवते. पण करार मराठीत असेल आणि खिडकी प्रत्येकासमोर उघडेल. ज्याचं त्यानं वाचावं, वाटलं तर दाबावं.”

एक विश्वस्त हसले. “अगं वेडे, वाचल्यावर दाबेल कोण?”

“हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

अध्यक्षांनी आवाज मऊ केला. “हे बघ, पोरी. आम्ही वडीलधारे. सगळ्यांच्या वतीनं आम्ही मान्य करतो. तू फक्त आज्ञा सोड.”

“प्रमिलाताईंच्या वतीनंही तुम्हीच मान्य केलं होतंत,” ती म्हणाली. “मग त्यांच्या वतीनं जिना उतरायला कुणीच कसं नव्हतं?”

अध्यक्षांनी वृद्ध प्रमुखांकडे पाहिले. “सर, शिष्या तुमची आहे. समजवा तिला.”

सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. ते आपल्या हातांकडे पाहत राहिले.

“मी आज्ञा सोडणार नाही,” शिष्या म्हणाली. “त्या माणसांना विचारल्याशिवाय नाही.”

एकाने समोरचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. पहिल्या मजल्यावरची ती खुर्ची अजून रिकामीच होती.

वडीलधाऱ्यांच्या त्या मौनाला शिष्येने होकार मानले नाही. ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.