झिपरीचा पहिला घोट

ऐकायचं असेल तर बसून ऐका, ही गोष्ट उभ्याने सांगत नाहीत. फार वर्षांपूर्वी, आपल्या टेकपाड्याला यायला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हा, इथे झिपरी नावाची एक बाई राहत होती. तिच्या घरामागे मोहाचं झाड होतं आणि झाडाखाली तिची भट्टी होती. मोहाची फुलं ती मडक्यात आंबत घालायची, खाली मंद जाळ लावायची आणि बांबूच्या नळीतून थेंब थेंब दारू गाळायची. आज भट्टी म्हटलं की तुम्ही नाकं मुरडता. तेव्हा बाळ जन्मलं, लग्न ठरलं, माणूस गेलं, काहीही झालं तरी देवाला आणि पितरांना आधी तिच्या हातची धार लागायची.

त्या काळी प्रत्येक पाड्याची दारू वेगळी. नदीकाठच्या पाड्याची गोडसर, कातळावरच्या पाड्याची घसा पोळणारी, आणि झिपरीच्या दारूला भाजलेल्या फुलांचा वास. डोळे बांधून घोट दिला तरी म्हातारी माणसं ती कुठल्या पाड्याची ते सांगत, असं म्हणतात. नुसता पाडाच नाही, गाळणारीचं नावसुद्धा सांगत.

एक नियम मात्र सगळ्या पाड्यांत सारखा होता. नळीतून पडलेली पहिली धार जमिनीला द्यायची, ती कुणी प्यायची नाही. मग गाळणारीने सगळ्यांसमोर पहिला घोट घ्यायचा आणि बाकीच्यांनी थांबायचं. किती थांबायचं? झिपरीच्या मोहाखाली दोन दगड आहेत ना, ज्यांच्यावर तुम्ही शेळ्या बांधता, त्यातल्या एका दगडावरची सावली दुसऱ्यावर पोचेपर्यंत. तोवर गाळणारी धड असली तर सगळ्यांचे द्रोण भरायचे.

मग गोऱ्या सरकारचं फर्मान आलं. दारू गाळायची ती मक्तेदाराने, आपल्या कारखान्यात, आणि विकायची ती त्याच्याच दुकानात. घरात मोहाची फुलं सापडली तरी गुन्हा. शिपाई पाड्यापाड्यांत शिरले आणि मडकी फोडत सुटले. नदीकाठची भट्टी गेली, कातळावरची गेली. झिपरीकडे ते सात वेळा आले आणि सातही वेळा तिच्या मडक्याने आपला धूर आत ओढून घेतला, असं म्हणतात. आठव्या वेळी फुलांच्या वासाने घात केला. मडकं फुटलं तेव्हा झिपरी रडली नाही, पण त्या वर्षी मोहाने एकही फूल खाली टाकलं नाही.

पुढच्या वर्षी तिच्या नातीचं, सोमीचं लग्न निघालं. सोमीला आईबाप नव्हते, झिपरीनेच तिला वाढवलं होतं. लग्न म्हटल्यावर देवाला धार हवी आणि दोन्हीकडच्या माणसांना घोट हवा, नाहीतर ते लग्नच नाही. नवऱ्या मुलाचा बाप काकड्या, तालेवार माणूस. त्याने दुकानातून दारूचे दोन डेरे आणवले. ते घेऊन मक्तेदाराचा माणूस मांडवात आला.

झिपरीने त्याला विचारलं, "दादा, ही कोनी गाळली?"

"मला काय ठावं, आये. गाडीतून येते."

"मंग पयला घोट कोनी घेतला?"

तो हसला. "दुकानात कोन घोट घेऊन बघतो?"

झिपरी डेऱ्यापाशी बसली. तिने वास घेतला. ना नदीचा, ना कातळाचा, तिला त्यात कुणाचाच हात सापडला नाही. तिची काय घालमेल झाली असेल बघा. नको म्हणावं तर नातीचं लग्न मोडतं, हो म्हणावं तर बिननावाची दारू मांडवभर जाते. शेवटी ती म्हणाली, "गाळणारी नाय, तर तिचा घोट मी घेते." तिने द्रोण भरला आणि रिकामा केला.

सावली पहिल्या दगडावरून दुसऱ्यावर पोचली. झिपरी धड होती. लोकांनी द्रोण पुढे केले, तर तिने डेऱ्यावर हात आडवा धरला. "ही सावली आपल्या दारूची. या दारूला किती थांबायचं ते मला ठावं नाय. उद्या उजाडेस्तोवर थांबा."

काकड्या भडकला. चारचौघांत त्याच्या डेऱ्यावर कुणी असा हात ठेवला नव्हता. "आमी काय सकाळपर्यंत कोरडं बसू?" त्याने आपला डेरा उचलला, माणसं उठवली, मुलाला दंडाला धरून उठवलं आणि ओढ्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन बसला. दुसरा डेरा आपल्या माणसांनी उघडून पिऊ नये म्हणून सोमी हळदीच्या अंगाने त्याला मिठी मारून बसली. आपल्या पाड्याने तिला शिव्या दिल्या, आपल्याच पाड्याने बरं का, पण ती उठली नाही.

ओढ्यापलीकडून गाणी ऐकू येत होती. पहाटे ती थांबली.

ऊन चांगलं वर आलं. पोरं खेळायला लागली, कोंबड्या दाणे टिपत फिरू लागल्या. झिपरी अंगणात तोंड वर करून बसली होती आणि ऊन तिच्या उघड्या डोळ्यांत पडत होतं. तिने विचारलं, "काय रे, उजाडलं का?"

सगळा पाडा तिथे उभा होता, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज गेला होता. दुपारी ती गेली.

ओढ्यापलीकडची तेरा माणसं मेली, त्यात काकड्या आणि नवरा मुलगा. आपल्या पाड्यातलं दुसरं कुणी गेलं नाही. सोमीने डेरा जिथे पालथा केला तिथे आजही गवत उगवत नाही, असं म्हणतात. तिने पुढे कधी लग्न केलं नाही. अंगावरची हळद म्हातारपणीसुद्धा उतरली नव्हती, असंही म्हणतात.

मक्तेदाराचं काय झालं विचारता? काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुकान उघडलं. पाड्यापाड्यांची मडकी मात्र परत लागली नाहीत, आणि घोटावरून गाळणारी ओळखणारी माणसं एकेक करून मेली. मला विचाराल तर मीसुद्धा ती चव घेतलेली नाही, नुसती ऐकलेली सांगतो आहे. याची मला लाज वाटते.

पण आपल्याकडे लग्नात अजून चहा करणारी आधी चहा पिते, भात शिजवणारा आधी भात खातो, आणि सगळे दगडावरची सावली बघत थांबतात. बाहेरगावचे पाहुणे हसतात. हसू देत. कुणी शहरातून बाटली आणली तर ती फोडत नाहीत, रात्रभर मोहाखाली ठेवतात. सकाळी ऊन वर आल्यावर नवरी तिथे येते, डोळे मिटते आणि विचारते, "उजाडलं का?"

तेव्हा कुणी गप्प राहायचं नसतं. तान्ह्या पोराच्या वतीने आई बोलते, मुका असेल तो हात वर करतो. सगळा पाडा एका आवाजात सांगतो, "उजाडलं, आये."